समुद्रपक्ष्यांतले पट्टकृमी: आतड्यापासून नावापर्यंत कसं पोचायचं

कोल्हापुरात समुद्र नाही, मग इथं बसून समुद्रपक्ष्यांच्या पोटातल्या पट्टकृमींवर कशाला लिहायचं असं कुणीतरी विचारणारच, तर त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरला की कोकण आलंच, आणि पावसाळ्यातल्या वादळी वाऱ्यात एरवी खोल समुद्रावर फिरणारे बूबी, शियरवॉटर, सुटी टर्न असले पक्षी दमून नाहीतर मरून किनाऱ्याला लागतात, त्यातले काही फॉरेस्टवाल्यांकडं पोचतात, पोस्टमॉर्टेम होतं, आतड्यात पांढरी फीत दिसते आणि रिपोर्टात "कृमी आढळले" एवढं लिहून विषय संपतो. आमच्या इथल्या झूलॉजीच्या पोरापोरींचे मला व्हॉट्सॅपवर फोटो येतात, "सर हा कुठला टेपवर्म?", आणि फोटोत काय, तर चिमट्यानं ओढून काढलेला, आकसलेला, डोकं नसलेला एक पांढरा तुकडा. त्यावरनं ब्रह्मदेवाला बी नाव सांगता यायचं नाही.

म्हणून हा लेख. एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारे, व्हेटर्नरीवाले आणि पक्षी बघता बघता त्यांच्या पोटात काय असतं असा प्रश्न पडलेले, अशा तिघांसाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं की समुद्रपक्ष्यातला पट्टकृमी ओळखायला तीन प्रश्नांची उत्तरं स्लाईडवर दिसावी लागतात, डोक्यावर काय आहे, जननरंध्र कुठं उघडतंय आणि पीतक ग्रंथी (अंड्याला पोषण पुरवणारी ग्रंथी) अंडाशयाच्या पुढं आहे की मागं, आणि ही तिन्ही उत्तरं हातात यायची की नाही ते मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या लई आधी, आतडं उघडतानाच ठरलेलं असतं.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण वगळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि त्यात मेलेला वन्य प्राणी-पक्षीसुद्धा सरकारची मालमत्ता धरतात. म्हणजे देवगडच्या वाळूत मेलेला कुरव दिसला आणि तुम्ही तो पिशवीत घालून कोल्हापूरला आणला तर हेतू कितीही चांगला असू दे, तुम्ही अडचणीत. रीतसर मार्ग असा की कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीनं वनविभागाला अर्ज द्यायचा, सिंधुदुर्गातला पक्षी असेल तर सावंतवाडी वनविभाग, आणि मागायचं काय तर पक्षी नाही, पोस्टमॉर्टेम झाल्यावर उरलेलं आतडं. एवढंच मागितलं की काम सोपं होतं, कारण तेवढं ते तसंही पुरणारच असतात.

दुसरं म्हणजे बर्ड फ्लू. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला होता ते आठवत असेल, आणि जंगली पाणपक्षी हा त्या विषाणूचा जुना वाहक. एका जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावायचा नाही, पशुसंवर्धन खात्याला आणि वनविभागाला कळवायचं आणि बाजूला व्हायचं. एकटादुकटा पक्षी असला तरी पोस्टमॉर्टेम व्हेटनंच करायचं, ग्लोव्हज आणि एन-९५ मास्क घालून.

समुद्रपक्ष्यात भेटतं कोण

पट्टकृमींच्या जगभरात पाच हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत आणि त्यांचे १९ गण (ऑर्डर) मानतात, २०१७ साली संपलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पानं हा हिशोब नीट लावून दिला. यातले बरेचसे गण शार्क आणि पाकट माशांतच राहतात, त्यामुळं घाबरू नका, समुद्रपक्ष्याच्या आतड्यात तुम्हाला प्रामुख्यानं तीनच गण भेटणार: टेट्राबॉथ्रिडिया, सायक्लोफिलिडिया आणि डायफायलोबॉथ्रिडिया. नावं जिभेला जड आहेत पण आठवड्याभरात सवय होते.

पहिला टेट्राबॉथ्रिडिया, हा खरा समुद्रवाला. यात एकच कुळ, टेट्राबॉथ्रिडी, आणि सहा प्रजाती (प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज). त्यातली टेट्राबॉथ्रियस ही सगळ्यात मोठी, अल्बाट्रॉस, पेट्रेल, पेंग्विन, गॅनेट, पाणकावळे, कुरव अशा कितीतरी पक्ष्यांत सापडते, शिवाय देवमाशांतही. किटोफॅलस पेट्रेल-अल्बाट्रॉसच्या घराण्यात, आणि उरलेल्या चार प्रजाती म्हणजे प्रायापोसेफॅलस, ट्रिगोनोकॉटाइल, स्ट्रोबिलोसेफॅलस आणि ॲनोफ्रिओसेफॅलस, या देवमासे, डॉल्फिन आणि सील-सी लायन यांच्यात. पक्षी आणि समुद्री सस्तन प्राणी दोघांत एकच कुळ कसं काय? यावर एरिक होबर्ग या अमेरिकन संशोधकानं आयुष्यभर काम केलं, त्याचं म्हणणं असं की हे कृमी पक्ष्यांतनं सस्तन प्राण्यांत गेले, म्हणजे यजमान (कृमी ज्याच्या पोटात राहतो तो) पक्षी उत्क्रांत होत गेले आणि कृमी गपगुमान त्यांच्याबरोबर चालत गेले असं झालेलंच नाही, मधे मधे उड्या मारल्यात. डीएनएवरनं काढलेल्या वंशवृक्षात हा गण सायक्लोफिलिडियाच्या शेजारी बसतो. मला स्वतःला ही उड्या मारायची गोष्ट पटते, कारण यजमान एक पण अन्न वेगळं झालं की कृमी बदलतात आणि अन्न तेच राहिलं की यजमान बदलूनही कृमी टिकतात हे पुढं बघूच.

यांचं जीवनचक्र मात्र आजवर कुणालाच पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवता आलेलं नाही. कवचधारी, माकूळ, मासे या साखळीतनं अळ्या वर चढत असणार असं मानतात. पीएचडीला विषय शोधत असाल तर हा घ्या, फक्त बोटीवर उलटी न होणारा माणूस पाहिजे.

दुसरा सायक्लोफिलिडिया, सगळ्यात मोठा गण, तीन हजारांहून जास्त जाती, आणि जमिनीवरच्या पक्षी-प्राण्यांतले बहुतेक पट्टकृमी यातलेच. समुद्रपक्ष्यात यातली दोन कुळं जास्त भेटतात, डायलेपिडिडी आणि हायमेनोलेपिडिडी. पाणकावळ्यासारख्या मासेखाऊत तिसरं, ग्रिपोरिंकिडी. उत्तरेकडच्या थंड समुद्रातले ऑक, पफिन वगैरे पक्षी, त्यांच्यात आणि कुरवांत अल्काटिनिया म्हणून डायलेपिडिडीतली प्रजाती असते, तिच्या अळ्या क्रिलमध्ये सापडल्यात. अंटार्क्टिकाच्या पेंग्विनमध्ये पॅरॉर्काइटिस झेडेरी, हा डोकं आतड्याच्या भिंतीत पार खोलवर घुसवतो आणि तिथं गाठी होतात. समुद्री बदकांत मायक्रोसोमाकँथस, तो गॅमरस नावाच्या झिंग्यासारख्या बारक्या प्राण्यांतनं येतो.

तिसरा डायफायलोबॉथ्रिडिया. जुन्या पुस्तकांत आणि आमच्या सिलॅबसच्या नोट्समध्ये याला अजून स्यूडोफिलिडिया म्हणतात, तो गण २००८ सालीच मोडीत काढला आणि त्याचे दोन केले, बॉथ्रिओसेफॅलिडिया हा मुख्यतः माशांतला आणि डायफायलोबॉथ्रिडिया हा पक्षी-सस्तन प्राण्यांतला. परीक्षेत जे लिहायचं ते लिहा पण थिसिसमध्ये जुनं नाव टाकू नका. कुरवांत यातला डायबॉथ्रिओसेफॅलस डेन्ड्रिटिकस असतो, २०१७ पर्यंत त्याला डायफायलोबॉथ्रियम डेन्ड्रिटिकम म्हणायचे, आणि हा उत्तर गोलार्धातल्या थंड भागात माणसालाही होतो, कच्चा नाहीतर अर्धवट शिजलेला मासा खाल्ला की. आपल्याकडं मासा तळून नाहीतर रस्सा उकळून खातात त्यामुळं त्याची काळजी नको. याच गणातला लिग्युला इंटेस्टायनॅलिस रोहू-कटल्याच्या घराण्यातल्या गोड्या पाण्याच्या माशांच्या पोटात एवढा वाढतो की माशाचं पोट फुगतं, अंडी धरत नाहीत आणि तो पृष्ठभागाजवळ रेंगाळायला लागतो, म्हणजे पक्ष्याला आयतंच ताट. पक्ष्याच्या आतड्यात गेल्यावर हा फक्त काही दिवस जगतो, अंडी टाकतो आणि मरतो, कारण वाढायचं सगळं काम त्यानं माशातच उरकलेलं असतं. म्हणून चार-आठ दिवस उपाशी राहून मेलेल्या पक्ष्यात लिग्युला मिळाला नाही तर "या भागात नाही" असं लिहू नका.

आता या तिघांकडं अन्नाच्या बाजूनं बघा. टेट्राबॉथ्रियस म्हणजे पक्षी खाऱ्या पाण्यात जेवला. डायबॉथ्रिओसेफॅलस, लिग्युला म्हणजे गोड्या पाण्यातला नाहीतर समुद्रातनं नदीत चढणारा मासा पोटात गेला. हायमेनोलेपिडिडीतला ॲप्लोपॅराक्सिस म्हणजे चिखलातले गांडुळवर्गीय प्राणी खाल्ले. हिवाळ्यात उजनीला भिगवणच्या बाजूला येणारे कुरव किनाऱ्यावरही असतात आणि आत जलाशयावरही, पाणकावळा तर रंकाळ्यावरही पंख वाळवत बसतो आणि मालवणच्या जेटीवरही, तेव्हा असल्या पक्ष्याच्या आतड्यात दोन्हीकडचे कृमी एकत्र सापडणं यात नवल नाही. बूबी किंवा पेट्रेल मात्र आयुष्यभर समुद्रावरच, त्याच्यात लिग्युला मिळाला असं कुणी सांगितलं तर आधी लेबल तपासा.

आधी सराव, तोही दुकानातल्या आतड्यांवर

वनविभागाची परवानगी यायला वेळ लागतो आणि पहिलंच आतडं बूबीचं उघडलं तर ते वाया जाणार. तेव्हा तोवर चिकनवाल्याकडं जा आणि गावठी कोंबडीची आतडी मागा, तो तसंही टाकूनच देतो. ब्रॉयलरची नको, ती शेडमध्ये वाढते, किडामुंगी खात नाही, त्यामुळं तिच्यात पट्टकृमी क्वचितच. गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, मुंग्या आणि भुंगेरे खाते, आणि रेलिटिना या प्रजातीचे कृमी त्यांच्यातनंच येतात. रेलिटिना एकायनोबॉथ्रिडा असेल तर आतड्याच्या बाहेरूनच बारक्या गाठी दिसतात, आतनं बघितलं तर प्रत्येक गाठीत एकेक डोकं रुतलेलं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पॅरॉर्काइटिसचं वर्णन वाचताना काय म्हणायचंय ते कळतं.

दोन खाचांच्या डोक्याचा सराव करायचा असेल तर बाजारातनं मरळ मासा आणा, त्याच्या आतड्यात सेंगा नावाचा पट्टकृमी बऱ्याचदा असतो. हा बॉथ्रिओसेफॅलिडियातला, म्हणजे पक्ष्यातल्या गणाचा लांबचा भाऊबंद, पण डोक्यावरच्या दोन खाचा कशा दिसतात ते डोळ्यात बसतं.

आतडं उघडणं आणि कृमी काढणं

इथंच नव्वद टक्के लोक हरतात. पक्षी मेला की पट्टकृमीही काही तासांत सडायला लागतो, कातडी सोलते, डोक्यावरचे हूक गळतात. म्हणून ताजं आतडं मिळालं तर त्याच दिवशी काम, उद्यावर ढकलायचं नाही. फ्रीजरमधलं आतडं चालतं पण दुय्यम, गोठलेल्या कृमीचे हूक बऱ्याचदा झडलेले असतात, डीएनएला मात्र ते बरं.

आतडं सरळ करा, जठराकडचं टोक कुठलं आणि गुदाकडचं कुठलं ते दोऱ्यानं बांधून खूण करा, मग तीन-चार भाग पाडा आणि प्रत्येक भाग वेगळ्या पेट्री डिशमध्ये ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ठेवा. कुठल्या भागात कुठला कृमी मिळाला याची नोंद नंतर उपयोगी पडते. बोथट टोकाची बारकी कात्री घ्या, आतड्याला उभा छेद द्या, आणि आता चिमटा खाली ठेवा. खरंच ठेवा. पांढरी फीत दिसली की ओढायचा मोह होतो आणि ओढली की मान तुटते, डोकं भिंतीतच राहतं, हातात उरते निनावी फीत. त्याऐवजी डिश तशीच अर्धा-एक तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बरेच कृमी स्वतःहून ढिले होतात. जे होत नाहीत त्यांच्या भोवतालचा आतड्याचा तुकडाच कापून घ्या आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दोन बारीक सुयांनी भिंत बाजूला सारत डोकं मोकळं करा. चिकाटीचं काम आहे, गाणी लावून बसा.

सगळं काढून झाल्यावर आतड्याची आतली बाजू काचेच्या पट्टीनं खरवडा, ते पाणी उंच बीकरमध्ये ओता, साका खाली बसू द्या, वरचं पाणी टाका, परत नवीन ओता, असं पाणी नितळ होईपर्यंत. हायमेनोलेपिडिडीतले काही कृमी दोन-चार मिलिमीटरचेच असतात, ते या साक्यातच मिळतात, डोळ्याला दिसले नाहीत म्हणजे नव्हते असं नाही.

बाकी एक, पक्ष्यात फक्त पट्टकृमीच नसतात. गोल दोऱ्यासारखा आणि दोन्हीकडं निमुळता असेल तर गोलकृमी, पानासारखा चपटा पण खंड (पट्टकृमीच्या फितीतले एकापुढं एक जोडलेले तुकडे) नसलेला असेल तर बहुधा पर्णकृमी, आणि पुढं काटेरी सोंड असेल तर काटेरी डोक्याचा कृमी. पट्टकृमीला तोंड नसतं, आतडं नसतं, तो सगळं अन्न कातडीतनंच शोषतो. या शोषण्याचा एक गमतीदार उपयोगही आहे, पोर्तुगालमध्ये गॅनेट पक्ष्यातल्या टेट्राबॉथ्रियस बासानी या कृमीत शिसं किती साठतं ते मोजून समुद्राच्या प्रदूषणाचा अंदाज घेता येतो का ते तपासलं गेलंय.

मारणं, टिकवणं

कृमी जिवंत असतानाच थंड फॉर्मलिनमध्ये टाकला तर तो आकसून गोळा होतो आणि त्या गोळ्यातनं पुढं काहीही दिसत नाही. सलाईन जवळजवळ उकळीपर्यंत तापवा, कृमी थोड्याशा पाण्यात लांब पसरलेला असताना ते गरम सलाईन त्याच्यावर एकदम ओता, तो ताणलेल्या अवस्थेतच मरतो. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. काहीजण गरम ४ टक्के फॉर्मलिन वापरतात, तेही चांगलं, पण फॉर्मलिनमध्ये गेलेल्या कृमीचा डीएनए विसरा.

म्हणून गरम पाणी ओतायच्या आधी मधल्या भागाचे पाच-सहा खंड ब्लेडनं कापून ९६ टक्के किंवा त्याहून कडक अल्कोहोलमध्ये वेगळ्या बाटलीत टाका. डोकं आणि शेपटीकडचा भाग स्लाईडला, मधला तुकडा डीएनएला, आणि दोन्ही बाटल्यांवर एकच नंबर. एकाच कृमीचं शरीर आणि सिक्वेन्स दोन्ही हातात असणं ही चैन नाही, नंतर कुणी शंका काढली तर हाच पुरावा.

लेबल पेन्सिलनं, जाड कागदावर, बाटलीच्या आत. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, हे दर वर्षी सांगावं लागतं.

रंगवणं, आणि कोल्हापूरचा पावसाळा

रंगासाठी ॲसिटोकार्माइन, सेमिकनची पद्धत. ७० टक्के अल्कोहोलमधनं कृमी रंगात, बारका असेल तर दहा-पंधरा मिनिटं, जाड असेल तर तास-दोन तास. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थोडे थेंब टाकून जादाचा रंग उतरवायचा, खंडाच्या कडा फिकट गुलाबी आणि आतले अवयव गडद दिसायला लागले की थांबायचं. घाई केली तर सगळंच लाल, उशीर केला तर सगळंच पांढरं. नंतर ८०, ९० आणि शंभर टक्के अल्कोहोल अशा पायऱ्या, मग लवंगाचं तेल, त्यात कृमी काचेसारखा पारदर्शक होतो, आणि शेवटी कॅनडा बाल्समखाली कव्हरस्लिप.

पुस्तकात नसलेली गोष्ट अशी की जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत एवढी ओल असते की शंभर टक्केचं अल्कोहोल उघड्या डिशमध्ये फार वेळ शंभर टक्के राहत नाही, पाणी ओढतं, आणि मग लवंगाच्या तेलात कृमीभोवती दुधाळ पांढुरकं ढग येतं. ते आलं की पोरं तेल बदलतात, तेलाचा काही दोष नसतो. कृमी परत नव्या बाटलीतल्या शंभर टक्के अल्कोहोलमध्ये टाका, झाकणाच्या डिशमध्ये, मग तेलात. आणि बाल्सम पावसाळ्यात हवेवर वाळता वाळत नाही, स्लाईड आडव्या ठेवून ओव्हनमध्ये मंद उष्णतेवर आठवडे ठेवाव्या लागतात. उभ्या ठेवल्या तर कव्हरस्लिप घसरत जाऊन कडेला येते.

हूक बघायचे असतील तर एक डोकं वेगळं काढा, न रंगवता बर्लेसच्या मिश्रणात (नमुना पारदर्शक करणारं माध्यम) ठेवा आणि कव्हरस्लिपवर पेन्सिलच्या मागच्या रबरानं हलका दाब द्या, हूक आडवे पडतात आणि लांबी मोजता येते. डोकं एकच असेल तर आधी फोटो, मग हा प्रयोग.

आता नाव

पहिला प्रश्न डोक्याचा. दोन लांबट खाचा, एक वरनं एक खालनं, चूषक (चिकटून बसायच्या वाट्या) नाहीत, तर डायफायलोबॉथ्रिडिया. चार मोठे मांसल चूषक, प्रत्येकाच्या वरच्या कडेला कानासारखा मांसल भाग बाहेर आलेला, मधे सोंड नाही, हूक तर नाहीतच, हे टेट्राबॉथ्रियस. ताज्या कृमीत हे डोकं चौकोनी ठोकळ्यासारखं दिसतं आणि लेन्सखाली ते चारही कान हलतात, एकदा बघितलं की परत चुकत नाही, पण आकसून मेलेल्या कृमीत हेच कान आत वळतात आणि नुसते चार गोल चूषक दिसतात, तेव्हा लोक त्याला "हूक झडलेला सायक्लोफिलिडिया" म्हणून मोकळे होतात. तिसरा पर्याय, चार गोल चूषक आणि मधे आतबाहेर होणारी सोंड, तिच्यावर बहुधा हूक, हा सायक्लोफिलिडिया.

डोकं गेलंच असेल तर दुसरा आणि तिसरा प्रश्न. पक्व खंड घ्या, म्हणजे मधल्या भागातला, शेवटचा नको कारण तिथं फक्त अंडी भरलेली असतात. जननरंध्र खंडाच्या पोटाकडच्या पृष्ठभागावर मध्यरेषेत असेल आणि पीतक ग्रंथीचे बारीक दाणे खंडभर विखुरलेले असतील तर डायफायलोबॉथ्रिडिया. रंध्र कडेला असेल आणि पीतक ग्रंथी एकच घट्ट गोळा असेल तर उरलेल्या दोघांतला एक, आणि इथं तो गोळा अंडाशयाच्या पुढं, म्हणजे डोक्याकडच्या बाजूला असेल तर टेट्राबॉथ्रिडी, मागं असेल तर सायक्लोफिलिडिया. या एका खुणेनं कितीतरी बिनडोक्याचे तुकडे निदान गणापर्यंत तरी पोचतात, फक्त पुढचं आणि मागचं टोक कुठलं ते तुकडा कापताना नोंदवलेलं पाहिजे.

अंडी मदत करतात. डायफायलोबॉथ्रिडियाच्या अंड्याला एका टोकाला झाकण असतं आणि गर्भाशयाला बाहेर उघडणारं स्वतंत्र छिद्र असल्यानं अंडी सतत बाहेर पडत राहतात. बाकीच्या दोघांच्या अंड्याला झाकण नाही, आत सहा हूकवाली अळी तयार असते. जिवंत पक्ष्याच्या विष्ठेवरनं एवढंच सांगता येतं, जातीचं नाव नाही.

सायक्लोफिलिडियात पुढं जायचं तर वृषणं मोजा. हायमेनोलेपिडिडीत खंडामागं साधारण तीन, ॲप्लोपॅराक्सिसमध्ये एकच, डायऑर्किसमध्ये दोन, आणि जननरंध्रं सगळी एकाच बाजूला. वृषणं बरीच असतील आणि सोंडेवर हूकच्या दोन ओळी असतील तर डायलेपिडिडी नाहीतर ग्रिपोरिंकिडी. पाणकावळ्यात पॅराडायलेपिस ही ग्रिपोरिंकिडीतली, तिच्या अळ्या गोड्या पाण्याच्या माशांत. हूक शंभराच्या वर, अगदी बारके आणि हातोडीच्या आकाराचे असतील तर डॅव्हेनिडी, तुमची सरावातली कोंबडीवाली रेलिटिना, समुद्रपक्ष्याच्या बाटलीत ती निघाली तर बाटल्यांची अदलाबदल झाली का ते बघा. बदकांतल्या फिंब्रिआरियाचं खरं डोकं बारकं असतं आणि त्यामागं चुण्याचुण्यांचं मोठं खोटं डोकं असतं, ते बघून गोंधळू नका. पाणडुबीत, म्हणजे ग्रीबमध्ये, डायइसोसेस्टस मिळतो, त्याच्यात नर वेगळा मादी वेगळी, पट्टकृमीत हा प्रकार दुर्मीळ. ग्रीब काही समुद्रपक्षी नव्हे पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

टेट्राबॉथ्रियसमध्ये जातीपर्यंत जाणं अवघड आहे, हे आधीच सांगतो. हूक नाहीत, त्यामुळं मोजायला सोपं असं काही नाही, मग बघायचं काय तर जनन कोष्ठ (जननरंध्राच्या आतली पोकळी) किती स्नायूदार, त्यात नराची नलिका कशी उघडते, वृषणं किती, डोक्याची लांबी-रुंदी किती. यासाठी आडवे छेद घ्यावे लागतात, नुसत्या सपाट स्लाईडवर भागत नाही. यजमान पक्ष्यावरनं अंदाज बांधायला हरकत नाही, उदाहरणार्थ मॅगेलॅनिक पेंग्विनमध्ये टेट्राबॉथ्रियस लुट्झी, गॅनेटमध्ये टेट्राबॉथ्रियस बासानी, पण "बूबी गॅनेटचा नातेवाईक म्हणून हा बासानीच" असं लिहिणं म्हणजे आडनावावरनं गाव ठरवण्यासारखं आहे. खात्री नसेल तर "टेट्राबॉथ्रियस, जात अनिश्चित" लिहा, त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडं पूर्वी कितीतरी "नव्या जाती" एखाद्या आकसलेल्या कृमीवरनं जाहीर झाल्या आणि आता त्यांचा मूळ नमुना बघायला मिळत नाही, त्या यादीत आपली भर नको.

डीएनएसाठी २८एस आणि कॉक्स-१ हे दोन जीन पुरेत. २८एस कुळ-प्रजाती सांगतो, कॉक्स-१ जवळच्या जाती वेगळ्या करतो. सिक्वेन्स आला की जेनबँकेत (सिक्वेन्सचा सार्वजनिक संग्रह) जुळवतात आणि वरचं पहिलं नाव उचलून थिसिसमध्ये टाकतात, ते करू नका, किती टक्के जुळतंय ते बघा, आणि ज्या नमुन्याशी जुळतंय त्याला नाव कुणी आणि कशावरनं दिलंय तेही बघा.

मोजणी आणि जमा करणं

कृमी मोजताना डोकी मोजा, तुकडे नाही. दहा पक्षी तपासले, चारांत कृमी होते, एकूण डोकी वीस, तर बाधितांचं प्रमाण ४० टक्के, बाधित पक्ष्यामागं सरासरी ५, आणि सगळ्या पक्ष्यांमागं सरासरी २. हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रोजेक्ट रिपोर्टात नुसतं "इन्फेक्शन रेट" लिहिलेलं असतं तेव्हा त्यातला कुठला ते कळायला मार्ग नसतो. किनाऱ्याला लागलेले पक्षी आधीच आजारी, उपाशी असतात, तेव्हा त्यांच्यावरनं सगळ्या समुद्रातल्या पक्ष्यांचं प्रमाण सांगायला जाऊ नका.

शेवटी स्लाईड कपाटात कुजवू नका. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ पासूनची संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथं पत्र लिहून नमुना जमा करायची पद्धत विचारा आणि नोंदणी क्रमांक मिळाला की तो पेपरमध्ये छापा. बरोबर द्यायची माहिती: पक्ष्याची जात आणि तो नर-मादी-पिल्लू काय होता, सापडलेलं ठिकाण आणि तारीख, वनविभागाच्या परवानगीचा क्रमांक, आतड्याचा कुठला भाग, किती डोकी, कशात मारला, कशात ठेवला, डीएनएच्या बाटलीचा नंबर. पक्ष्याचा फोटोही जोडा, चोच आणि पंख स्पष्ट दिसतील असा, कारण वादळात पिसं गेलेली सुटी टर्न आणि ब्रायडल्ड टर्न यांच्यात चांगले चांगले पक्षीवाले चुकतात, आणि यजमानच चुकला तर कृमीच्या नावाला जोडलेली पुढची सगळी माहिती चुकीच्या पक्ष्याच्या खात्यात जाते.